जुन्या पिकअपचा पुढचा एक्सल: टायरॉड, ड्रॅगलिंक आणि किंगपिनची दुरुस्ती

टायरॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा. त्याच्या टोकाच्या सांध्याचा, म्हणजे टायरॉड एंडचा, बॉल सॉकेटमधून निसटला की गाडीचं एक चाक मुंबईकडे आणि दुसरं नाशिककडे तोंड करून उभं राहतं. अशी गाडी बहुतेक वेळा त्याच दिवशी पुन्हा रस्त्याला लागते. नाक्यावरच्या दुकानातून नवा एंड येतो, दोन हातोडे बसतात, एक स्प्लिट पिन घातली जाते आणि काम झालं म्हणतात. काही महिन्यांत तोच एंड पुन्हा ढिला होतो. मालक दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून शिव्या घालतो, पण दोष अनेकदा एंडचा नसतो. किंगपिनचे (ज्या उभ्या पिनेभोवती चाक वळतं तिचे) बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या नळ्या, झिजलेले असतात, खड्ड्यात चाक फडफडतं आणि ते सगळे हादरे या लहानशा सांध्याला सोसावे लागतात. म्हणून तुटलेला भाग हातात आल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. तो का तुटला, हे आधी बघा.

इथे जे सांगतोय ते पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि सरळ बीम एक्सल असलेल्या, साध्या स्टिअरिंगच्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपबद्दल आहे. भाजी, दूध, कांदा, सिमेंट वाहणाऱ्या जीपच्या घराण्यातल्या जुन्या गाड्या या जातीच्या. तुमच्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असेल, तर किंगपिनच्या जागी वर-खाली बॉल जॉइंट असतात. तिथे टायरॉड एंड काढण्या-बसवण्याची रीत आणि टो-इनचं (चाकं पुढच्या अंगाला किंचित आत वळलेली ठेवण्याचं) तत्त्व लागू पडेल, किंगपिनचा भाग नाही. फोर-व्हील-ड्राइव्हचं काम तर सरळ वेगळं आहे. नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) आतून शाफ्ट जातो आणि जीपच्या जुन्या एक्सलला वर-खाली दोन तोकड्या पिना, टेपर बेअरिंग आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) असतात. ते या लेखात कोंबत नाही.

जोर कुठून कुठे जातो

स्टिअरिंग फिरवलं की कॉलममधून फेरा स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्सच्या बाहेर लोंबणारा ड्रॉप आर्म पुढे-मागे हलतो, तो ड्रॅगलिंकला ढकलतो आणि ड्रॅगलिंक एका बाजूच्या स्टब एक्सलच्या (चाक ज्यावर बसतं त्या तोकड्या दांड्याच्या) आर्मला. ते चाक वळतं आणि टायरॉड दुसऱ्या चाकाला सोबत घेऊन जातो. प्रत्येक स्टब एक्सल किंगपिनभोवती फिरतो. पिन बीमच्या डोळ्यात (टोकाच्या भोकात) घट्ट असते आणि स्टब एक्सलच्या वरच्या-खालच्या बुशमध्ये फिरती असते. गाडीचं पुढचं वजन खालच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतं.

ही साखळी पाठ असली तर रस्त्यातच निदान होतं. स्टिअरिंग मोकळं गरगर फिरतंय आणि दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आहेत, तर तुटलं ते ड्रॅगलिंक, ड्रॉप आर्म किंवा त्याच्या मागचं काहीतरी. चाकं दोन दिशांना गेली असतील तर टायरॉड. दोन्ही प्रसंगांत जोरात ब्रेक मारू नका. चाकं आधीच बेताल असतात, एकदम ब्रेक लागला की गाडी भलतीकडे ओढली जाते. पाय हळू दाबा, गिअर खाली घ्या, थांबा. टायरॉड तारेने किंवा दोरीने बांधून "हळूहळू गॅरेजपर्यंत" नेणारे महाभाग पुष्कळ आहेत. त्यातले एक तुम्ही होऊ नका. पुढची चाकं उचलूनच गाडी न्या.

तुटलेला तुकडा फेकू नका

तो रॉकेलने धुऊन उन्हात धरा. तुटलेला चेहरा सगळा एकसारखा, चमकदार आणि दाणेदार असेल, तर तो एका दणक्यात गेलाय: मोठा खड्डा, दगड, दुभाजक. अशा वेळी आजूबाजूचं काहीतरी वाकलंय असं धरूनच चाला. चेहऱ्याचा एक भाग काळपट किंवा गंजका, गुळगुळीत आणि त्यावर कडेपासून आत सरकत गेलेल्या वक्र रेघा, आणि उरलेला भाग ताजा पांढरा दिसत असेल, तर तडा आधीच पडलेला होता. तो दिवसेंदिवस वाढत गेला आणि शेवटी उरलेल्या धातूला भार पेलवला नाही. याला धातू थकून तुटणं म्हणतात. तो कुठे सुरू झाला ती जागा बघा. बहुधा ती जुन्या वेल्डिंगशेजारी, आट्यांच्या मुळाशी किंवा हातोड्याच्या घावापाशी असते.

बॉल अख्खाच्या अख्खा बाहेर आला असेल तर रबरी बूट बघा. तो फाटलेला, आत ग्रीसऐवजी लाल चिखल असेल, तर कारण समोरच आहे. बूट चांगला आणि तरी सॉकेट खाल्लेलं असेल, तर हादरे कुठून येतात ते शोधायला लागेल.

प्ले कुठे आहे

प्ले म्हणजे सांध्यातला ढिलेपणा. तो शोधायचं काम दोघांचं. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकजण स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहील, पुरेपूर वळवायचं नाही. तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवा, अर्धा अंगठा आर्मवर आणि अर्धा एंडवर. डोळ्याला न दिसणारा प्ले अंगठ्याला लगेच कळतो. ड्रॉप आर्मपासून सुरू करून शेवटच्या टायरॉड एंडपर्यंत जा. सांध्याभोवती लाल पूड साचलेली दिसली तर तिथे धातूवर धातू घासतोय. स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर हलतोय का तेही याच वेळी बघून घ्या. त्याचे बोल्ट सैल आणि लोक बॉक्स बदलायला निघतात, असं सर्रास होतं.

मग एक्सल उचला. चाकाला वर आणि खाली धरून हलवा. प्ले जाणवला की जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, कारण ब्रेकने हब आणि स्टब एक्सल एकमेकांना बांधले गेले. प्ले तसाच राहिला तर किंगपिन. अख्ख्या पुढच्या एक्सलची यापेक्षा स्वस्त आणि खरी तपासणी नाही, आणि तरी गॅरेजात ती क्वचितच कोणी करताना दिसतं. नंतर चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथला प्ले टायरॉड एंडचा किंवा बेअरिंगचा.

शेवटी पाट्यांचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल पाट्यावर मागे सरकतो. डाव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर टेपने मोजा, मग उजव्या बाजूचं. दोन्हीत ठळक फरक निघाला तर टायरॉड कितीही नवा घाला, गाडी एकीकडे ओढणारच.

उचलताना

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक, गिअर. जॅकने एक्सल उचलायचा आणि बीमखाली दोन लोखंडी घोड्या लावायच्या. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही आणि विटांच्या थरावर तर मुळीच नाही. वीट दबत नाही, ती एकदम फुटते.

सामान: रिंग पाने आणि गोटी पाने, एक किलोचे दोन हातोडे, पितळी सुंबा, टायरॉड पुलर, ड्रॉप आर्मचा पुलर, फिलर गेज, टेप, वायर ब्रश, खडू, ग्रीस गन, टॉर्क रेंच. स्प्लिट पिना मापाच्या आणि नव्याच घ्या. जुनी सरळ करून पुन्हा घालणं म्हणजे आठ-दहा रुपयांसाठी चाक पणाला लावणं.

टायरॉड

आधी मोजमाप. दोन्ही एंडच्या बॉलच्या मध्यातलं अंतर लिहून ठेवा आणि क्लॅम्पच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजा. टायरॉडच्या एका टोकाला सरळ आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. नवे एंड घेताना डावा-उजवा नीट बघून घ्या. उलटा एंड सरळ आट्यांत जबरदस्तीने घातला की रॉडच बाद.

स्प्लिट पिन काढून कॅसल नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे सांधा सुटला की एंड अंगावर पडणार नाही. टेपर, म्हणजे आर्मच्या डोळ्यात रुतलेला एंडचा निमुळता दांडा, सोडवायला पुलर लावून ताण द्या आणि मग आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोडा मारा. पुलर नसेल तर डोळ्याच्या एका बाजूला एक हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसरा हाणा. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर टणकन सुटतो. खालून नटवर घण घालणारे आटेच चपटे करून बसतात. दुतोंडी फाटा ठोकून सोडवण्याची रीत सोपी आहे, पण बूट फाटतो. ती एंड टाकूनच द्यायचा असेल तरच.

नवा एंड बसवताना टेपर आणि डोळा कोरडा, स्वच्छ पुसा. तिथे ग्रीस लावायचं नसतं. टेपर घट्ट धरतो तो कोरड्या पकडीमुळे. डोळा आतून लंबगोल झाला असेल, किंवा नवा टेपर आत जाऊन हलत असेल, तर आर्म बदला. पत्र्याची पट्टी घालून तो भरून काढू नका. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे न्या. मागे सोडून भोक जुळवायचं नाही. क्लॅम्पचे बोल्ट टो-इन झाल्यावरच अखेरचे आवळायचे.

ड्रॅगलिंक आणि ड्रॉप आर्म

काही गाड्यांत ड्रॅगलिंकला टायरॉडसारखेच एंड असतात. जुन्या जीपच्या पद्धतीत नळीच्या तोंडात बॉल, दोन वाट्या, स्प्रिंग आणि वरून स्क्रू प्लग असतो. तिथे प्लग बॉलला भिडेपर्यंत आवळायचा, मग साधारण अर्धा फेरा मागे सोडून पिन घालायची. अगदी घट्ट ठेवला तर स्टिअरिंग जड होतं आणि वाट्या लवकर खाल्ल्या जातात. प्लगचे आटे सोललेले असतील तर नवा ड्रॅगलिंक घ्या.

ड्रॉप आर्म काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर एकाच रेषेत सुंब्याने खूण करा. खूण नसेल तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा आणि चाकं सरळ ठेवून आर्म बसवा. एक दात इकडेतिकडे झाला की गाडी एका बाजूला कमी वळते.

स्टिअरिंग बॉक्सच्या ॲडजस्टिंग स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा. सांध्यांचा प्ले बॉक्स आवळून मारण्याचा उद्योग केला की मधल्या जागी दात घासून बॉक्सही जातो.

किंगपिन

खरा घाम इथे निघतो, आणि टाळाटाळही इथेच होते.

हब आणि ड्रम काढा. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक प्लेट बोल्ट काढून अखंड बाजूला घ्या आणि तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. आता बीमच्या डोळ्यात आडवी बसलेली कॉटर पिन दिसेल. तिचा नट काढून पितळी सुंब्याने ती ठोकून बाहेर काढा. ही कॉटर किंगपिनच्या खाचेत बसून तिला बीममध्ये फिरू देत नाही. ती न काढता किंगपिनवर घण घालणारे बीमचा डोळा फाडतात.

वरची-खालची टोपणं काढून किंगपिन ठोकून काढा. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळालेली पिन सहज येत नाही. आदल्या रात्री डिझेल आणि रॉकेलचं मिश्रण सोडून ठेवा. तरी हलली नाही तर एक्सल उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर न्या. गॅसची ज्योत डोळ्यावर फिरवून लाल करण्याचा सल्ला मिळेल. बीम घडीव आणि उष्णतेचे संस्कार केलेल्या पोलादाचा असतो, लाल झाला की त्याची ताकद जाते. प्रेसचे पैसे द्या.

पिन बाहेर आली की बोट फिरवून बघा. बुशच्या जागी खळगा लागेल, आणि बहुधा तो एकाच अंगाला असेल. जिथे ग्रीस निपल बुजलेलं होतं त्या बुशची दशा जास्त वाईट असते. नवी पिन बीमच्या डोळ्यात घालून बघा. तिथेच ती हलत असेल तर डोळा मोठा झालाय. त्यावर ओव्हरसाइझ पिन किंवा चांगल्या मशीन शॉपमध्ये स्लीव्ह हाच उपाय. नुसत्या बुशने तो प्ले जाणार नाही.

जुने बुश हॅक्सॉच्या पात्याने आतून चिरले की सहज निघतात. नवे बुश व्हाइसमध्ये दाबून बसवा, हातोड्याने नको. बुशचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. हे चुकलं तर गन कितीही मारा, ग्रीस पिनपर्यंत पोचत नाही. बसवल्यावर भोकातून तार घालून खात्री करा.

मग रिमिंग, म्हणजे बुशचं भोक आतून पिनेच्या मापाला कापणं. लेथवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगा: दोन्ही बुश एकाच लांब रिमरने, एका रेषेत मारायचे. वरचा वेगळा आणि खालचा वेगळा मारला की प्रत्येकात पिन सुंदर बसते आणि दोन्हींत मिळून अडकते. अशी गाडी वळणानंतर स्टिअरिंग सोडलं तरी सरळ येत नाही, घाटात तर ड्रायव्हरचे खांदे भरून येतात. नीट काम म्हणजे तेल लावलेली पिन अंगठ्याच्या जोराने दोन्ही बुशमधून सरकावी आणि बाजूला हलवली तर खडखडू नये.

जोडताना थ्रस्ट बेअरिंग बीमच्या खाली येतं, त्याची झाकलेली बाजू वर, म्हणजे चिखलपाणी आत उतरत नाही. स्टब एक्सल खालून जॅकने वर दाबून धरा आणि वरच्या फटीत फिलर गेज घाला. मॅन्युअल हाताशी नसेल तर ०.१ मिमीच्या आसपास फट राहील इतके शिम टाका. फट शून्य ठेवली तर स्टिअरिंग जड होईल, जास्त ठेवली तर दर खड्ड्याला ठोका ऐकू येईल. पिनची खाच कॉटरच्या भोकासमोर आणून कॉटर ठोका, नट आवळा. चाकं हवेत असतानाच ग्रीस मारा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा. गाडी जमिनीवर असताना थ्रस्टची फट वजनाने मिटलेली असते, तिथे ग्रीस नीट शिरत नाही.

किंगपिन एका बाजूची खराब झाली तरी काम दोन्ही बाजूंचं करा. दोन्हींनी सारखेच खड्डे खाल्लेले असतात.

"शेठ, वेल्डिंग मारून देतो"

हे वाक्य ऐकायला मिळेलच. "कशाला नवा टायरॉड? गाडी मरेपर्यंत चालेल." मिस्त्री मनाने वाईट नसतो, त्याला तुमचे पैसे वाचवायचे असतात. पण स्टिअरिंग आर्म, स्टब एक्सल, ड्रॉप आर्म, टायरॉड यांना वेल्डिंग नाही. वेल्डच्या शेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते, आणि पुढच्या वेळी तुकडा बरोबर तिथूनच जातो. वाकलेला आर्म तापवून सरळ करणंही त्यातलंच. वाकलेला टायरॉड थंड सरळ केला तरी तो पुन्हा तिथेच वाकतो. बीम एक्सल किंचित वाकला असेल तर मोजमापाची सोय असलेल्या ठिकाणी तो थंड प्रेसवर सरळ करता येतो. नाक्यावर अंदाजाने नाही.

भंगार बाजारातून भाग घ्यायला हरकत नाही, पण स्टब एक्सल जुना घेतला तर बेअरिंग बसतं त्या गळ्याशी तडा आहे का ते बघा. रॉकेलमध्ये बुडवून कोरडा पुसा आणि खडूची पूड चोळा. तड्यात मुरलेलं रॉकेल थोड्या वेळाने खडूवर रेघ होऊन उमटतं.

बेअरिंग आणि टो-इन

हब बसवताना नट आवळताना हब फिरवत राहा. जड झाला की सहावा ते चौथा हिस्सा फेरा मागे सोडा, लॉक करा, नवी पिन घाला. चाक मोकळं फिरावं, प्ले जवळजवळ कळू नये.

टो-इन घरीही होतो. चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मध्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढा, दोन्ही चाकांना. गाडी खाली उतरवा, थोडी पुढे ढकला, म्हणजे पाटे आणि सांधे आपापल्या जागी बसतील. आता हबच्या उंचीला, पुढच्या अंगाला दोन रेघांतलं अंतर मोजा आणि तिथे खडूने खूण करा. गाडी अर्धा फेरा पुढे न्या. ती खूण मागे आली की पुन्हा मोजा. त्याच जागा दोन्हीकडे मोजल्याने रिम वाकडी असली तरी फसगत होत नाही. मागचं अंतर जितकं जास्त, तितका टो-इन. जीपच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तो साधारण १.२ ते २.४ मिमी दिलेला आहे. तुमच्या गाडीचा आकडा मिळाला तर तोच धरा.

टायरॉड एक्सलच्या मागे असेल तर तो लांबवला की टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. फिरवताना हात आखडता घ्या. दीड मिमी पिचचे आटे असतील तर एका फेऱ्यात टायरॉड ३ मिमीने लांबतो, कारण दोन्ही टोकं एकदम सरकतात. आर्म १५ सेंमीचा आणि टायर ७० सेंमीचा धरला तर तेच ३ मिमी टायरच्या काठावर १४ मिमी होतात. म्हणजे पाव फेरासुद्धा पुष्कळ झाला. जमल्यावर क्लॅम्प आवळा आणि चाकं दोन्ही टोकांना पूर्ण वळवून टायर पाट्याला, होज कशालाही घासत नाही ना ते बघा. घासत असेल तर चाक किती वळेल ते ठरवणारे स्टॉप बोल्ट आहेत त्याचसाठी.

पहिली फेरी

रिकामी गाडी, मोकळा रस्ता, आधी वीसच्या वेगाने. स्टिअरिंग वळणानंतर आपणहून परत येतं का, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढतं का, ते बघा. मग चाळीस-पन्नासला एखाद्या साध्या उंचवट्यावरून न्या. चाकं अजून फडफडत असतील तर टायर बॅलन्सिंग, रिम, आणि एक्सल व पाट्यामधली पाचर तपासा. ती पाचर उलटी बसली की कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे झुकाव) बिघडतो. म्हणून पाटे सोडतानाच तिची जाड बाजू कुणीकडे होती त्याची खूण ठेवायची असते.

शे-दोनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट, क्लॅम्प आणि सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा, पिना डोळ्याने. पुढे ग्रीस गन नेमाने चालवा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला. निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर निपल काढून साफ करा, किंवा नवंच बसवा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी काढावं लागतं. ब्रेक दाबून चाक हलवायची तपासणी त्याच्या महिनाभर आधी करून घेतली, तर बुश मागवायला आणि लेथवाल्याकडे नंबर लावायला वेळ मिळतो.